बोर्डाभोवतीची गर्दी

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या खेळांना आशियात दोन तऱ्हेचा प्रेक्षक लाभला आहे. एक घसा फुटेस्तोवर ओरडणारा आणि दुसरा श्वास रोखून बघणारा. फिलिपिन्स, तैवान आणि व्हिएतनाममध्ये व्यावसायिक पूल स्पर्धांना पहिल्या तऱ्हेची गर्दी होते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, कॅरमला दुसऱ्या तऱ्हेची होते. खेळ वेगळे असले तरी त्यांचा गाभा एकच आहे. सपाट पृष्ठभाग, चार बाजूंच्या कडा, पॉकेटे, आणि कोन साधून एका वस्तूने दुसरीला पॉकेटात ढकलायचे. मैदान नाही, धावपळ नाही, खेळाडूंची अंगाला अंग भिडणारी झुंज नाही. तरीही माणसे तासन्‌तास उभी राहून हे का बघतात, आणि एखाद्या गावात बघतात तर शेजारच्या शहरात का बघत नाहीत, हा प्रश्न आजवर फार कमी विचारला गेला आहे.

आधी पूलकडे पाहावे. मनिलाच्या वस्त्यांत पूलचे टेबल रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली असते. गेमगणिक थोडे पैसे मोजले की कोणीही खेळू शकतो. १९५४ मध्ये जन्मलेला एफ्रेन रेयेस असाच, मनिलातल्या काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला आणि रात्री टेबलावरच झोपला. तो मोठा झाला पैजेच्या सामन्यांतून. १९९६ मध्ये हाँगकाँगला त्याची अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडशी गाठ पडली. जो आधी १२० रॅक, म्हणजे डाव, जिंकेल त्याला १ लाख डॉलर, अशी ती लढत होती. रेयेसने ती १२०-११७ अशी जिंकली. १९९९ मध्ये कार्डिफला तो विश्वविजेता झाला आणि त्यानंतर फिलिपिन्समध्ये पूल हा राष्ट्रीय अभिमानाचा विषय बनला. २००६ ची जागतिक स्पर्धा पासाय येथे भरली आणि घरच्याच रॉनी अल्कानोने ती जिंकली. पुढच्या वर्षी ती क्वेझोन सिटीच्या अरानेटा कोलिझियममध्ये झाली. मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढती जिथे झाल्या त्या वास्तूत पूलचे टेबल मांडले गेले. अंतिम सामन्यात रॉबर्टो गोमेझ इंग्लंडच्या डॅरिल पीचकडून १५-१७ असा हरला. घरचा खेळाडू, घरचे प्रेक्षागृह आणि दोन रॅकने हुकलेले विजेतेपद. तिथल्या पूलप्रेमींना तो सामना अजून सलतो.

तैवानमध्ये २००४ ची जागतिक स्पर्धा तैपेईला आणि २००५ ची काओशुंगला झाली. काओशुंगच्या अंतिम फेरीत दोन्ही खेळाडू तैवानचेच होते आणि सोळा वर्षांच्या वू चिया-चिंगने कुओ पो-चेंगला १७-१६ असे हरवले. शेवटचा रॅक निर्णायक आणि जिंकणारा शाळकरी वयाचा मुलगा, त्यामुळे त्या बेटावर पूलची लाट आली. व्हिएतनाममध्ये बिलियर्ड्सचे टेबल फ्रेंच राजवटीपासून रुजलेले होते. २०२३ पासून हनोईत मोठी खुली स्पर्धा भरू लागली आणि डुओंग क्वोक होआंग हा तिथला लाडका खेळाडू ठरला. २०२४ मध्ये आशिया विरुद्ध युरोप अशी सांघिक लढत मनिलाला सुरू झाली. तिला रेयेसचे नाव दिले गेले आणि पहिल्याच वर्षी आशियाने ती जिंकली. या लढतींत प्रेक्षक ढोल वाजवतात, नावाचा गजर करतात, प्रतिस्पर्ध्याचा फटका चुकला तर जल्लोष करतात. युरोप आणि अमेरिका यांच्यात १९९४ पासून होणाऱ्या मोस्कोनी कपने आवाज करण्याची ही मोकळीक आधीच देऊन ठेवली होती. आशियाने ती मनापासून स्वीकारली.

या गजरामागे खेळाची रचनाही आहे. नऊ चेंडूंच्या पूलमध्ये टेबलावरचा सर्वांत लहान आकड्याचा चेंडू आधी लागला पाहिजे, आणि नवव्या क्रमांकाचा चेंडू जो पॉकेटात घालील तो रॅक जिंकतो. योग्य चेंडू आधी लागला असेल तर नववा मध्येच गेला तरी चालतो. म्हणून कोणताही रॅक कुठल्याही क्षणी संपू शकतो. चांगला खेळाडू पाच-सात मिनिटांत रॅक संपवतो आणि नवा मांडला जातो. उत्कंठा साठते, फुटते, पुन्हा साठते. गर्दीला ओरडायला ठरावीक अंतराने संधी मिळत राहते. शिवाय टेबल नऊ फूट लांब व साडेचार फूट रुंद, चेंडू रंगीत आणि जवळजवळ सहा सेंटिमीटर व्यासाचे. दहाव्या रांगेतूनही काय चालले आहे ते कळते.

हाच घाट महाराष्ट्रात असता तर मुंबई ही पूल-बिलियर्ड्सची मनिला व्हायला हवी होती, कारण खेळाडूंची वानवा इथे कधीच नव्हती. १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेते झाले. कोणत्याही खेळातले भारताचे ते पहिले वैयक्तिक विश्वविजेतेपद. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये हौशी जागतिक विजेतेपद पटकावले. यासिन मर्चंट आणि अशोक शांडिल्य मुंबईचेच. पुण्यात जन्मून बंगळुरूत वाढलेल्या पंकज अडवाणीच्या नावावर दोन डझनांहून अधिक जागतिक विजेतेपदे आहेत. एवढी परंपरा असूनही या खेळांना मुंबईत रस्त्यावरची गर्दी लाभली नाही. दोष प्रेक्षकांचा नाही. टेबल होते ते जिमखान्यांत आणि क्लबांत. तिथे सभासदत्व लागे, पोशाखाचे नियम असत, आणि गिरणगावातल्या किंवा डोंगरीतल्या मुलाला आत पाऊल टाकायची सोय नव्हती. ज्याने हातात क्यू कधी धरलाच नाही, त्याला फटक्यातली अवघड जागा कळणार कशी? बिलियर्ड्समध्ये त्यात आणखी एक भर होती. कसलेला खेळाडू टेबलावर आला की एकाच पाळीत शेकडो गुणांचा ब्रेक करी आणि प्रतिस्पर्धी खुर्चीत बसून राही. १५० गुणांच्या छोट्या गेमचा प्रकार पुढे आला तो यावर उपाय म्हणूनच, पण तोवर सामान्य प्रेक्षकाशी नाते जुळण्याचा काळ निघून गेला होता. १९९० नंतर शहरांत पूल पार्लर निघाली, तरुणांनी ती भरली, पण पार्लरमध्ये खेळायला येणारे गिऱ्हाईक आणि स्पर्धा बघायला येणारा रसिक यांची अजून नीट गाठ पडलेली नाही.

सामान्य माणसाच्या वाट्याला जे टेबल आले ते कॅरमचे. एकोणतीस इंचांचा चौरस बोर्ड, नऊ पांढऱ्या आणि नऊ काळ्या सोंगट्या, एक लाल राणी, एक स्ट्रायकर आणि डबीभर पावडर. खोली लहान असली तरी मावतो, नको तेव्हा भिंतीला टेकवून ठेवता येतो. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि सातारा या भागांतून आलेले चाकरमानी गावकीच्या खोल्यांत राहत. एका खोलीत एका गावचे पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे आणि पाळीप्रमाणे गिरणीत जाणारे. अशा घरांत करमणूक म्हणजे चाळीच्या गॅलरीत किंवा मंडळाच्या खोलीत लावलेला बोर्ड. चौघे खेळत आणि बाकीचे बघत. जागा हरणाऱ्याने सोडायची, हा नियम असल्यामुळे बघणारा प्रत्येक जण पुढचा खेळाडू असे. कॅरमचा जाणकार प्रेक्षक या रांगेत तयार झाला. तो नुसता वेळ घालवायला उभा नव्हता, स्वतःची पाळी येईपर्यंत समोरच्याचा हात वाचत होता.

गणपतीला, शिमग्याला हे चाकरमानी गावी येत तेव्हा खेळही सोबत येई. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात ओढले गेले. त्यातले पुष्कळ जण कायमचे गावी परतले. गिरणगावची चाळसंस्कृती मोडली, पण तिच्यातला कॅरम कोकणातल्या वाड्यांतून, नाक्यांवरून आणि मंडळांतून टिकला. रत्नागिरीत त्याला हवामानाचीही साथ आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. मैदाने चिखलाची होतात, क्रिकेट बंद पडते. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि मिरकरवाड्यासारख्या बंदरांत नौका किनाऱ्याला लागतात. माणसांच्या हाताला काम नसलेले हे दिवस, आणि छपराखाली खेळता येईल असा खेळ हाच. शेताची लावणी उरकली की गावातही तेच. कोकणात कॅरम हा पावसाळ्याचा खेळ आहे म्हटले तरी चालेल, जरी मोठ्या स्पर्धा वर्षभर होत असल्या तरी.

यातून संघटित खेळ उभा राहिला. अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ चा, तर आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ मध्ये चेन्नईत स्थापन झाला. महाराष्ट्र कॅरम असोसिएशन राज्य अजिंक्यपद आणि राज्य मानांकन स्पर्धा घेते आणि रत्नागिरी जिल्हा कॅरम असोसिएशन ही तिच्या सक्रिय जिल्हा संघटनांपैकी एक आहे. रत्नागिरी, चिपळूण आणि गुहागर येथे राज्यस्तरीय स्पर्धा भरल्या आहेत. मोठा हॉल, ओळीने मांडलेले पंचवीस-तीस बोर्ड, प्रत्येकावर टांगलेला शेडचा दिवा, प्रत्येक बोर्डाला एक पंच. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून मुंबई-ठाण्याचे खेळाडू रात्रीच्या गाडीने येऊन सकाळच्या फेरीला उभे राहू शकतात. त्याने स्पर्धेचा दर्जा वाढला. स्थानिक प्रेक्षकाला विश्वविजेते आपल्या गावात, चार हातांवर बघायला मिळू लागले. मुंबईचा प्रशांत मोरे, पुण्याचा योगेश परदेशी, मुंबईचा संदीप दिवे ही जगज्जेती नावे इथे ऐकून माहीत नाहीत, बघून माहीत आहेत.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी गर्दी विखुरलेली असते. ज्याचा त्याचा गाववाला जिथे खेळतो तिथे त्याची माणसे. फेऱ्या पुढे सरकतात तसे बोर्ड रिकामे होतात आणि गर्दी एकेका बोर्डाभोवती दाटत जाते. उपांत्य फेरीला दोनच बोर्ड उरतात. पुढचे लोक खाली बसतात, त्यांच्या मागे खुर्च्या, त्यामागे उभे असलेले, आणि अगदी मागे बाकावर चढलेली पोरे. एवढी माणसे असूनही स्ट्रायकर सोंगटीला लागल्याचा टकटक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो.

ही शांतता नियमाने आलेली आहे, आणि नियमापेक्षा जास्त समजुतीने. खेळाडूने खुर्चीवरून उठायचे नाही, बोर्ड चालू असताना खुर्ची सरकवायची नाही, प्रेक्षकांनी सूचना द्यायची नाही. गोंधळ झाला तर पंच समज देतात. पण मुख्य कारण बोर्डातच आहे. स्ट्रायकरचे वजन जास्तीत जास्त १५ ग्रॅम, सोंगटीचे पाच-साडेपाच ग्रॅम. बोटाच्या टोकाची हालचाल केसभर इकडेतिकडे झाली तर कट, म्हणजे तिरका फटका, चुकतो. पूलच्या खेळाडूचा फटका खांद्या-कोपरातून येतो आणि आवाजाची त्याला सवय करून घेता येते. कॅरमचा फटका तर्जनीच्या शेवटच्या पेरातून येतो. ज्या प्रेक्षकाने स्वतः शंभरदा असा कट चुकवला आहे, त्याला गप्प बसायला सांगावे लागत नाही.

गर्दी कशावर रंगते ते एका बोर्डाच्या चालीवरून दिसते. ज्याच्याकडे ब्रेक, म्हणजे पहिला फटका, असतो तो पांढऱ्या सोंगट्यांनी खेळतो. ब्रेकचा फटका बसला, एखादी पांढरी गेली आणि सोंगट्या फुटल्या की जाणकार लगेच मोजदाद करतात. पॉकेटाजवळ किती, स्ट्रायकर ठेवायच्या बेसलाइनच्या मागे किती, राणी कुठे. सोप्या सोंगट्या आधी घेणारा खेळाडू नवखा. मुरलेला खेळाडू अडचणीची सोंगटी मोकळी करणारा फटका लवकर मारतो आणि सोप्या दोन शेवटासाठी राखून ठेवतो. चार गेल्या की कुजबूज थांबते. पाचवीला राणीकडे वळायचे की आणखी थांबायचे, हा निर्णय सगळा हॉल खेळाडूबरोबर घेत असतो. राणी गेली तरी लगेच तिला कव्हर लागते, म्हणजे आपली एक सोंगटी पाठोपाठ पॉकेटात गेली पाहिजे. नाहीतर राणी पुन्हा बोर्डाच्या मध्यभागी. कव्हर मिळाले की पहिली हलकी दाद येते, बहुधा नुसती मान डोलावून. मग आपल्याच बाजूला, बेसलाइनच्या मागे अडकलेली सोंगटी थंब शॉटने, किंवा समोरच्या कडेवर आपटून रिबाउंडने. ती गेली, शेवटचीही गेली, समोरच्याला एकदाही हात न लावू देता नववी पांढरी सोंगटी संपली, तर तो व्हाइट स्लॅम. मग मात्र टाळ्यांचा कडकडाट होतो. समोरचा काळ्या घेऊन पहिल्याच हाताला सगळा बोर्ड संपवील तर तो ब्लॅक स्लॅम. हा अधिक अवघड मानला जातो आणि दादही तशीच असते. कोकणातल्या स्पर्धांच्या बातम्यांत विजेत्याच्या नावाबरोबर स्पर्धेत किती व्हाइट आणि किती ब्लॅक स्लॅम झाले याचा आकडा छापला जातो. प्रेक्षकाला काय आठवणीत ठेवायचे असते, त्याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

गुणांची रचनाही गर्दीला धरून ठेवते. समोरच्याच्या जितक्या सोंगट्या बोर्डावर उरतील तितके गुण, आणि राणीचे तीन. म्हणजे एका बोर्डात जास्तीत जास्त १२. गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, जे आधी होईल ते. सामना तीनांपैकी दोन गेमचा. २२ गुण झाले की राणीचे गुण मिळायचे बंद होतात, त्यामुळे पुढे असलेल्याला शेवटचे दोन-तीन गुण सोंगट्यांवरच काढावे लागतात आणि मागे असलेल्याला राणीची आशा शिल्लक राहते. आठव्या बोर्डाला १८ विरुद्ध १६ अशी स्थिती असली की हॉलमध्ये कोणी चहाला उठत नाही. पूलमध्ये उत्कंठा रॅकगणिक फुटते. कॅरममध्ये ती आठ बोर्ड साठत जाते आणि एकदाच फुटते. दोन्हीकडच्या प्रेक्षकांच्या वागण्यातला फरक इथे आहे. फिलिपिनो गरम आणि कोकणी थंड, असली स्वभावाची स्पष्टीकरणे द्यायची गरज पडत नाही.

स्वभावाचेच म्हणायचे तर रत्नागिरीचा प्रेक्षक थंड नाहीच. मातीवरच्या कबड्डीला हाच माणूस आरडाओरडा करतो. जाखडी या कोकणी लोकनृत्यातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शाहिराने टाकलेल्या सवालाला दुसऱ्या बाजूने जबाब आला की शिट्ट्या वाजवतो आणि पहाटेपर्यंत बसतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या रत्नागिरी केंद्रावर स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात नाटक बघताना तोच प्रेक्षक शांत असतो. कुठे ओरडायचे आणि कुठे नाही, हे त्याला रीतीने माहीत आहे. शक्ती-तुऱ्याचा संस्कार कॅरमच्या हॉलमध्येही जाणवतो. दोन बाजू, आळीपाळीने मिळणारी संधी, आणि आपल्या गावच्या बाजूला असूनही समोरच्याच्या चांगल्या जागेला दाद देण्याची सवय. परगावच्या खेळाडूने स्लॅम मारला तर रत्नागिरीत टाळ्या कमी पडत नाहीत. मनिलात ही दिलदारी कमी दिसते, हे नोंदवायला हवे. तिथे परक्याचा फटका चुकला की आनंद होतो. गर्दीचा उत्साह मोजताना आवाजाचे माप एकटे पुरत नाही ते यामुळे.

तरी कॅरमच्या प्रेक्षकाची एक जुनी अडचण होती, आणि ती मोठी होती. दिसत नाही. बोर्ड टेबलाच्या उंचीवर आडवा, सोंगटी तीन सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम सात ते नऊ मिलिमीटर जाड, कडा उभी. तिसऱ्या रांगेतून फक्त खेळाडूचे डोके, दिव्याची शेड आणि पंचाचा हात. पूलचे टेबल पाच हजारांच्या प्रेक्षागृहाच्या मध्यभागी ठेवता येते. कॅरमचा बोर्ड पन्नास माणसांनी वेढला की एक्कावन्नावा आंधळा. खेळ घराघरांत असूनही त्याला स्टेडियम मिळाले नाही याचे कारण लोकांची उदासीनता नव्हती. वर्षानुवर्षे मागच्या रांगांनी पुढच्यांच्या चेहऱ्यांवरून आणि पंचाच्या पुकाऱ्यावरून सामना समजून घेतला आहे.

बोर्डावर लटकणाऱ्या कॅमेऱ्याने हे बदलले. दिव्याच्या बाजूला वरून खाली बघणारा एक कॅमेरा बसवला की संपूर्ण बोर्ड पडद्यावर येतो, आणि तोही खेळाडूला दिसतो त्यापेक्षा स्पष्ट. महाराष्ट्र कॅरम असोसिएशन आपल्या स्पर्धांतल्या निवडक बोर्डांचे सामने यूट्यूबवर थेट दाखवते. हॉलमध्ये अंतिम सामन्याला मोठा पडदा लावला जातो. मागच्या रांगेतला माणूस आता पहिल्या रांगेपेक्षा जास्त बघतो. कोकणातून पोटासाठी कुवेत, दुबई, बहारीनला गेलेले अनेक जण रात्री पाळी संपल्यावर हे सामने बघतात. फिलिपिन्सच्या पूलच्या बाबतीत हेच आधी घडले होते. कतारमध्ये जागतिक स्पर्धा होत असत तेव्हा तिथे राबणारे फिलिपिनो कामगार प्रेक्षागृह भरत. देशाबाहेर गेलेला कष्टकरी हा या खेळांचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक आहे, आणि आयोजकांनी त्याच्या वेळेचा विचार करून सामने लावले तर ते रास्तच होईल.

कॅमेऱ्यात एक गोष्ट मात्र हरवते. वरून बघताना हात दिसतो, चेहरा दिसत नाही. स्ट्रायकर बेसलाइनवर ठेवून खेळाडू किती वेळ थांबला, बोट पुसले की नाही, समोरच्याने नजर वळवली की नाही, हे फक्त हॉलमध्ये कळते. म्हणून थेट प्रक्षेपण सुरू झाल्यावरही अंतिम फेरीची गर्दी ओसरलेली नाही.

पैज ही या खेळांची सावली. पूल तर पैजेतूनच वाढला. कॅरमलाही नाक्यावरच्या पैशांच्या गेमची बाजू होती आणि आहे. २०१० चा ‘स्ट्रायकर’ हा हिंदी चित्रपट मुंबईच्या मालवणी भागातल्या अशाच कॅरमवर बेतलेला आहे. या सावलीमुळे अनेक घरांत मुलांना कॅरम क्लबात जायला बंदी असे. संघटनांनी वयोगटांच्या स्पर्धा, शाळांचे संघ आणि पंच परीक्षा सुरू केल्यावर ही अढी सैल झाली. आज पावसाळ्यात रत्नागिरीच्या शाळांमध्ये भरणाऱ्या स्पर्धांना पालक स्वतः मुलांना घेऊन येतात आणि तेच पुढे प्रेक्षक होतात. नव्या प्रेक्षकाची भरती प्रत्यक्षात अशीच होते, जाहिरातीने होत नाही.

खेळाडूंचे पोट मात्र गर्दीवर चालत नाही. कॅरमला तिकीट नसते, बक्षिसे पूलच्या मानाने तुटपुंजी, प्रायोजक स्थानिक. खेळाडू टिकतो तो नोकरीवर. रिझर्व्ह बँक, तेल कंपन्यांचे क्रीडा मंडळ, आयुर्विमा महामंडळ यांनी खेळाडूंना कामावर घेतले, आणि जळगावच्या जैन इरिगेशनने कॅरमचा स्वतंत्र संघ बांधला. कॅरममध्ये अर्जुन पुरस्कार आजवर एकालाच मिळाला, चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना, १९९६ मध्ये. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळाला शासनाच्या यादीत मागची जागा मिळते. प्रेक्षकांची संख्या हा निकष त्या यादीत कुठेच नाही, ही खरोखर अन्यायाची गोष्ट आहे. एफ्रेन रेयेसला त्याच्या देशाने डोक्यावर घेतले कारण तिथे आधी गर्दी होती आणि शासनाने तिची दखल घेतली.

रत्नागिरीने स्वतःचे खेळाडूही दिले. रियाझ अकबर अली याने पुरुषांत आणि आकांक्षा कदम हिने महिलांत जिल्ह्याचे नाव राज्याच्या आणि देशाच्या स्पर्धांत नेले. घरचा खेळाडू उपांत्य फेरीत असला की हॉलमध्ये येणारा वर्ग बदलतो. एरवी न येणारे शेजारी, शिक्षक, रिक्षावाले येतात. काओशुंगला सोळा वर्षांच्या वूने जे केले त्याचेच हे लहान रूप.

महिलांच्या सामन्यांचा प्रेक्षक हा स्वतंत्रपणे बघावा असा विषय आहे. पूल हॉलमध्ये मुली आशियात बऱ्याच उशिरा पोहोचल्या, क्लबांच्या बिलियर्ड्स रूममध्ये तर त्याहून उशिरा. कॅरम घरातच असल्यामुळे मुलींना त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही. भावंडांत, सुट्टीत, आजोळी त्या खेळल्या. राज्य स्पर्धांत महिलांचे सामने पुरुषांच्याच हॉलमध्ये, शेजारच्या बोर्डांवर, त्याच नियमांनी आणि त्याच सोंगट्यांनी होतात, आणि अंतिम सामना त्याच गर्दीसमोर. बिहारची रश्मी कुमारी आणि मुंबईची काजल कुमारी यांच्या सामन्याला पुरुषांच्या उपांत्य फेरीइतकीच दाटी होते. २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या विश्वचषकात चेन्नईच्या रिक्षाचालकाची मुलगी एम. खझिमा हिने तीन सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून कोकणातल्या कुमारी गटांकडेही प्रेक्षक वेगळ्या अपेक्षेने बघू लागले आहेत.

आता आयोजकांपुढे प्रश्न आहे तो मांडणीचा. पूलच्या धर्तीवर दिवे, संगीत आणि निवेदक आणून कॅरमला आवाजी करावे, असा एक विचार आहे. दुसरा विचार असा की शांतता ठेवून फक्त दिसण्याची सोय वाढवावी. उतरत्या पायऱ्यांची बैठक, दोन पडदे, पडद्यावर गुणफलक, आणि दोन बोर्डांच्या मध्यंतरात जाणकाराचे दोन शब्द. दुसरा मार्ग या खेळाच्या प्रकृतीला मानवणारा आहे. पंधरा ग्रॅमच्या स्ट्रायकरला ढोल सोसत नाहीत, आणि ज्या प्रेक्षकाला व्हाइट स्लॅमची सातवी सोंगटी कुठल्या पॉकेटात जाणार हे आधीच दिसते, त्याला निवेदकाने ओरडून सांगायची गरज नसते. बैठकीच्या उताराला आणि दुसऱ्या पडद्याला लागणारा खर्च एका जिल्हा संघटनेच्या आवाक्याबाहेर जातो, म्हणून सध्या हे घडते ते जिथे नगरपरिषद, व्यापारी मंडळ किंवा एखादी बँक पाठीशी उभी राहते तिथे. बाकी ठिकाणी मंगल कार्यालयाच्या सपाट फरशीवर, पुढच्यांनी खाली बसायचे आणि मागच्यांनी बाकावर चढायचे, ही जुनीच व्यवस्था चालू आहे.